बोटानं वाचणारी बायको

एका सकाळी माझ्या बायकोला वाचता येईनासं झालं आणि मी तिला चष्मेवाल्याकडे नेलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. पुढे कुठेतरी कोपऱ्यात लिहिलं असतं तर घरातून हरकत आली असती, "मोठे आले लेखक! आपल्या सोयीचं तेवढं लिहून राहिले."

आमचं औषधाचं दुकान अमरावती रोडवर, वाडीला. 'आमचं' ही माझी सवय. दुकान तिचं आहे. फार्मसी ती शिकली, परवाना तिचा, गिऱ्हाईक तिचं. मी कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर दुकानातल्या स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विजेचं ज्ञान देऊ लागलो. ते कोणी मागितलेलं नसतं, पण औषध मिळेपर्यंत माणूस जातो कुठे?

वाडी म्हणजे गोदामं आणि ट्रक. रायपूरचा, इंदूरचा, हैदराबादचा ड्रायव्हर माल उतरवायला थांबतो आणि शर्टाच्या खिशातून घामानं मऊ पडलेली चिठ्ठी काढतो. तिच्यावर त्याच्या गावच्या डॉक्टरनं जे काही केलेलं असतं, त्याला अक्षर म्हणणं हे डॉक्टरवर उपकार करणं आहे. बायको ते वाचायची. समोरच्या दुकानातून परत पाठवलेल्या चिठ्ठ्या रस्ता ओलांडून आमच्याकडे यायच्या. "काकूकडे जा, काकू वाचते," असं समोरचाच सांगायचा. आपल्या धंद्याचं नुकसान करून कोणी असं सांगतं, म्हणजे मान किती असेल पाहा. तिचा तो मान या एका गोष्टीवर उभा होता, आणि गेली नेमकी तीच.

त्या सकाळी तिनं एका पाकिटावर गोळ्या कधी घ्यायच्या ते लिहून गिऱ्हाइकाला दिलं. गिऱ्हाईक म्हातारं, चार पावलं जाऊन परत आलं. "बाई, काय लिहिलं ते एकडाव सांगा न." बायकोनं पाकीट हातात घेतलं, पाहिलं, फिरवून पाहिलं. मग दुकानातल्या मुलीला विचारलं, "हे कोणी लिहिलं वं?"

ही मुलगी म्हणजे रीतसर शिकलेली, नोंदणी असलेली फार्मासिस्ट. बायकोच्या हाताखाली तयार झालेली. ती हसली. "काकू, तुम्हीच तर आत्ता लिहिलं."

"मी लिहिलं?" बायको म्हणाली. "अक्षर चांगलं आहे. पण काय आहे हे?"

मी स्टुलावरून निदान केलं, नंबर वाढला.

चष्मेवाल्याच्या भिंतीवर तो अक्षरांचा तक्ता असतो. तो एकेक भिंग बदलत गेला आणि बायको दर वेळी तेच सांगत राहिली, "दिसते. स्वच्छ दिसते. वाचता येऊन नाही राहिलं." मी मागून त्याला सल्ले देत होतो. शेवटी ती माझ्याकडे वळली. "तक्त्यावर माशी बसली आहे, तिचे पाय दिसून राहिले मले. ते अक्षर आहे हेही समजते. कोणतं ते समजत नाही. हैदराबादच्या ट्रकवर तेलुगू लिहिलेलं असते, ते तुम्हाले कसं दिसते? तसं."

इतकं लख्ख वर्णन ऐकून शहाणा माणूस हादरला असता. मी फ्रेम निवडली. सोनेरी कडांची, तिला शोभेल अशी.

बाहेर पडताना तिचा उजवा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. फुटपाथवर उजवीकडे उभ्या केलेल्या स्कूटरला ती धडकली. मग ती थांबली आणि अगदी थंड आवाजात म्हणाली, "उजवीकडचं दिसत नाही मले. दोन्ही डोळ्यांनी नाही. हे डोळ्याचं नाही, डोक्याचं आहे. दवाखान्यात चला. आणि ती फ्रेम राहू द्या."

दवाखान्यात आधी मला बोलणी बसली. मेंदूचे डॉक्टर तरुण होते, पण रागावण्यात अनुभवी. "असं अचानक काही बंद पडलं की त्याच घटकेला इथे यायचं. चष्म्याच्या दुकानात नाही." मी मान हलवली. बायकोनंही हलवली, पण तिची हलवण्याची तऱ्हा वेगळी होती.

मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी तुंबली होती. औषधं सुरू झाली, धोका टळला, आणि दोन-तीन दिवसांनी डॉक्टरांनी तिची तपासणी घेतली. मी आयुष्यात अनेक यंत्रांच्या चाचण्या पाहिल्या, पण अशी पाहिली नाही. त्यांनी तिला एक पेन दाखवलं, "पेन," ती म्हणाली. किल्ली, घड्याळ, चमचा, सगळ्यांची नावं बरोबर. आकडेही बहुतेक ओळखले. मग कागद देऊन म्हणाले, मनात येईल ते वाक्य लिहा. तिनं झरझर लिहिलं. कागद बाजूला ठेवून ते तिच्याशी पाऊसपाणी, दुकान, संत्र्याचा भाव असलं बराच वेळ बोलत बसले. मग बरेच कागद मिसळून एकेक दाखवू लागले. तिचा आला.

"हा वाचा."

"अक्षर वळणदार आहे," बायको म्हणाली. "पण नाही समजत."

डॉक्टरांनी स्वतः वाचला आणि त्यांना हसू आवरेना. कागदावर लिहिलं होतं, 'माझ्या नवऱ्याला बाहेर बसवा, ते मधे मधे बोलतात.'

मग त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि तिच्या तळहातावर बोटानं 'क' काढला. "क," ती लगेच म्हणाली. 'म' काढला. "म." कागदावरचा तोच 'म' उघड्या डोळ्यांना कळत नव्हता आणि मिटल्या डोळ्यांनी तळहातावर वाचता येत होता. बायकोनं डोळे उघडून आपल्या हाताकडे असं पाहिलं, जसं बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाकडे पाहतात.

डॉक्टरांनी पडद्यावर चित्र लावलं आणि समजावून सांगितलं. मेंदूचा करडा भाग कामं करतो. पाहणं, बोलणं, हात हलवणं, जो तो आपल्या जागी. पण या जागा एकमेकींशी बोलतात त्या पांढऱ्या भागातून. तो सगळा तंतूंचा, जाडजूड जुडग्यांचा. हिच्या डाव्या बाजूचा पाहणारा भाग गेला, म्हणून उजवीकडचं अर्धं जग दिसेना. उजव्या बाजूचा पाहणारा भाग धडधाकट आहे, त्याला अक्षर दिसतं. पण भाषा राहते डावीकडे, आणि उजव्या भागातलं चित्र डाव्या भागाकडे नेणारा जो पांढरा पूल आहे, त्याचं मागचं टोकही याच झटक्यात गेलं. डोळा पाहतो, भाषा शाबूत आहे, आणि दोघांची गाठ पडत नाही.

मला राहवलंच नाही. "म्हणजे जनरेशन ठीक, सबस्टेशन ठीक, मधली लाइन ट्रिप!"

"तसं समजा," डॉक्टर म्हणाले.

हे दोन शब्द त्यांनी मला द्यायला नको होते. घरी आल्यावर मी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बायकोच्या मेंदूचा नकाशा काढून दाखवू लागलो. कंट्रोल रूमच्या भिंतीवर असतो तसा, एका रेघेत सगळा पुरवठा. डोळ्याला मी दोनशे वीस केव्ही दिलं. पाहुणे चहा पिऊन नमस्कार करून जायचे, आणि बायको आतून म्हणायची, "माझं डोकं म्हणजे तुमचं कोराडी नाही. राख उडत नाही इथून."

तिचा स्वभाव कणभर बदलला नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवतो. मला भीती होती की मेंदूला काही झालं की माणूसच निराळं होतं. तसंही होतं म्हणे, तंतू कुठले गेले त्यावर असतं. काहींचा धीर जातो, काहींचा राग अनावर होतो. हिची रागाची लाइन शाबूत, टोमण्याची शाबूत, हिशेबाची शाबूत. फक्त एक रस्ता बंद. माझ्या डोक्यात करडं किती आणि पांढरं किती, यावर मात्र घरात अजून एकमत झालेलं नाही.

मग मी मदतीला लागलो. मी घरभर कागद चिकटवले. डब्यांवर 'साखर', 'मीठ', 'तुरीची डाळ', दारावर 'दार'. अक्षरं वीतभर. ती स्वयंपाकघरात आली, सगळीकडे एक नजर टाकली आणि विचारलं, "हे काय केलं?"

"तुला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात..."

"मीठ मले मीठ म्हणूनच दिसते हो. डब्यात पांढरं दिसते, चाखून समजते. आता त्याच्यावर न वाचता येणारा कागद लावला तुम्ही. म्हणजे जे समजत होतं, तेही झाकलं."

कागद काढताना डब्यांचा रंग निघाला. तो अजून तसाच आहे.

दुकानात ती रोज जाऊन बसायची, पण काउंटरला हात लावायची नाही. सगळं ती मुलगी पाहायची. कितीतरी गोळ्यांची पाकिटं बायकोला नुसत्या रूपावरून ओळखू यायची. मी म्हणालो, मग द्यायला काय हरकत आहे? तिनं माझ्याकडे पाहिलं ते अजून आठवतं. "कंपनीनं उद्या पाकीट बदललं म्हणजे? अंदाजानं गोळी देऊ काय मी?"

या काळात मी आणखी एक कर्तबगारी केली. आमच्या शेजारी तर्री पोह्याचं दुकान आहे. जागा त्याला अपुरी पडते. एका सकाळी पोहे खाता खाता मी त्याला बोलून गेलो की, आमचं दुकान आता चालेल न चालेल. हे मी दुःखात बोललो होतो. त्यानं ते दुकानदारासारखं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो मोजायचा टेप घेऊन आला आणि आमच्या भिंतीला लावू लागला.

बायको खुर्चीत बसली होती. "काय मोजून राहिला गा?"

"काही नाही काकू. कढई बसते काय पाहून राहिलो."

"काहून? मी मेली काय?"

"तसं नाही न काकू! काकाजीच म्हणाले का..."

काकाजी तेव्हा औषधांच्या खोक्यांमागे काहीतरी शोधत होते.

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती शांतपणे त्याला म्हणाली, "दिवाळीपर्यंत थांब. मले वाचता आलं तं मी या काउंटरवर बसीन. नाही आलं तं मीच बोलावून तुले जागा देईन, दुसऱ्या कोणाले नाही. पण वाचता येत नसताना मी इथं नावाले बसणार नाही." तो गेल्यावर मला म्हणाली, "तुम्ही खोक्यांमागून बाहेर या आता."

झालं, पणाला काय लागलं ते सगळ्या वाडीला कळलं. चहाच्या टपरीवर विचारणा व्हायची, काकू वाचायले लागली काय? आणि काकू पहिलीचं पुस्तक पुढे घेऊन रोज त्याच्याकडे नुसती पाहत बसायची. पुस्तक तेलुगूच राहिलं.

रस्ता सापडला तो एका संध्याकाळी, गर्दीच्या वेळी. एक ड्रायव्हर चिठ्ठी घेऊन आला. मुलीनं ती उजेडाला धरली, उलटी धरली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं, भान न राहून बोलून गेली, "काकू, हे पाहा न जरा."

मुलगी जीभ चावून उभी राहिली. बायकोनंही सवयीनं चिठ्ठी घेतली होती.

इथे तिची एक जुनी रीत सांगितली पाहिजे. कळत नसलेली चिठ्ठी ती कधी नुसती पाहत नसे. पेन उलटं धरायची आणि त्याच्या मागच्या टोकानं डॉक्टरच्या अक्षरावरून हात फिरवायची, ज्या घाईनं त्यानं लिहिलं असेल त्याच घाईनं. त्या मुलीलाही तिनं हेच शिकवलं होतं. "डॉक्टर डोळ्यानं लिहीत नाही वं. हाताले विचार, हात सांगते."

आताही तिनं पेन उलटं केलं. वाचण्यासाठी नसावं, हात आपोआप गेला. एक वळण, खाली दांडी. "हे पी आहे," ती म्हणाली. आणि स्वतःच दचकली. पुन्हा हात फिरवला. "पी. पुढं ए." मुलीनं तोंडावर हात ठेवला. अक्षराला अक्षर लागत गेलं, मधे ती अडली, मागे गेली, पुन्हा आली, आणि शेवटी तिनं अख्खं नाव उच्चारलं. मुलीनं कपाटातून ते औषध काढून समोर ठेवलं. छापील नावावरून बायकोनं नख फिरवलं. तेच.

अशा क्षणी काय बोलावं हे माणसाला कळलं पाहिजे. मी स्टुलावरून ओरडलो, "बॅकफीड!" एका बाजूनं लाइन गेली की दुसऱ्या बाजूनं फिरवून पुरवठा आणतात, त्याला आम्ही तसं म्हणतो. ड्रायव्हर घाबरून दोन पावलं मागे सरला.

डॉक्टरांना सांगितल्यावर ते खूश झाले. डोळा हाताला वाट दाखवतो आणि हात भाषेला सांगतो, हा रस्ता उघडा असतो. आम्हीही असाच सराव देतो, म्हणाले, पण यांनी तो आपला आपण काढला. रोज करा. हळूहळू वेग येईल, पहिल्यासारखा येईलच असं नाही.

मग तिचं बोट काही थांबेना. मांडीवर, पोळपाटावर, बसच्या काचेवर. रस्त्याच्या कडेला उभी राहून ती ट्रकच्या मागचं लिहिलेलं हवेत गिरवायची, आणि दुसऱ्या-तिसऱ्या अक्षरावर ट्रक निघून जायचा. "याले काही थांबता येत नाही!" ती त्याच्यावर चिडायची. मी तिच्याबरोबर शिकायचं ठरवलं. डोळे मिटून पाठ तिच्याकडे करायचो, ती माझ्या पाठीवर अक्षर काढायची. मी दर वेळी चुकायचो. "तुमची लाइन जळली नाही," ती म्हणाली, "तुमची अजून टाकलीच नाही."

मी तिच्याकडे पाहत बसायचो. आयुष्यभर लाइन तुटली की मी माणसं पाठवली, कागद रंगवले, वरच्यांना दोष दिला. इथे ही बाई आपल्याच डोक्यातली तुटलेली लाइन ओलांडून, पहिलीतल्या पोरीसारखी एकेक अक्षर नखानं उचलत होती. चुकलं की पुन्हा पहिल्या अक्षरावर. रडताना मी तिला पाहिलं नाही. मीच दोनदा मागच्या खोलीत जाऊन आलो, खोकला आल्याचं सांगून.

दिवाळीच्या आधी एका सकाळी ती खुर्चीतून उठून काउंटरवर जाऊन बसली. मुलीला म्हणाली, "ऐक वं. प्रत्येक चिठ्ठी तू डोळ्यानं वाचायची आणि मी बोटानं. एकमेकीले सांगायचं नाही. दोघींचं जमलं तरच औषध द्यायचं. नाही जमलं तं डॉक्टरले फोन."

"गर्दी होईल," मी म्हणालो.

"होऊ द्या."

पहिल्या काही चिठ्ठ्या जमल्या. वेळ लागत होता. दोन माणसं कुरकुरत समोरच्या दुकानात निघून गेली, आणि मला वाटलं, संपलं. मग एक मूर्तिजापूरकडचा ड्रायव्हर आला, जुना, कित्येक वर्षांपासून येणारा. त्याची चिठ्ठी म्हणजे पावसात मुंग्या पळाव्यात तशी. मुलीनं मनात वाचलं. बायकोचं नख अक्षरावरून गेलं, परत आलं, पुन्हा गेलं. मग दोघींनी सांगितलं, आणि दोन निराळी नावं निघाली.

मी तिसरं नाव सुचवलं. कोणी लक्ष दिलं नाही.

चिठ्ठीवर नंबर होता. मुलीनं फोन लावला. डॉक्टर वैतागले, मग त्यांनी नाव सांगितलं. ते चौथंच होतं.

मला वाटलं बायको खचेल. ती हसली. "दोघीही चुकलो वं. बरं झालं, दिलं नाही." आणि औषध काढून, त्यावरच्या छापील नावावरून सावकाश नख फिरवून, ते ड्रायव्हरच्या हातात दिलं. कसं घ्यायचं ते पाकिटावर लिहिलं, आणि लिहिलेलं पुन्हा बोटानं वाचून पाहिलं.

शेजारून पोहेवाला हे सगळं उंबऱ्यावरून पाहत होता. "मग काकू, कढईचं?" त्यानं विचारलं.

"मागच्या बाजूनं वाढव तुझं," ती मान वर न करता म्हणाली. तो गेला. रागावला नव्हता, दुपारी त्यानं पोहे पाठवले.

ड्रायव्हर अजून उभाच होता. पाकीट खिशात घालत म्हणाला, "काकू, म्हणजे आता तुमी रोज बसून राहाल न?"

"बसीन न गा. कुठं जाते." तिनं पुढची चिठ्ठी ओढून घेतली आणि नख पहिल्या अक्षरावर ठेवलं. "पण घाईत असशील तं समोरच्या दुकानात जात जा."